निष्ठा कोणाशी?

जुलै २०१९ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरचे राष्ट्रवादीचे आमदार पांडुरंग बरोरा यांनी राजीनामा दिला आणि शिवबंधन बांधलं. २०१४ मध्ये त्यांनी ज्यांना हरवलं होतं, ते शिवसेनेचे माजी आमदार दौलत दरोडा यांनी मग घड्याळ हाती घेतलं. ऑक्टोबरमध्ये तेच दोघं पुन्हा समोरासमोर उभे राहिले. गावं तीच होती, पाडे तेच होते, सभांची मैदानंही तीच होती. निशाण्या तेवढ्या आपसात बदलल्या होत्या.

खर्डीच्या किंवा किन्हवलीच्या बाजूचा एखादा जुना शिवसैनिक या निवडणुकीत काय करणार होता? धनुष्यबाणाला मत द्यावं, तर ज्याच्याविरुद्ध पाच वर्षांपूर्वी घरोघर फिरून प्रचार केला, त्यालाच निवडून द्यायचं. दरोडांना द्यावं, तर घड्याळाचं बटण दाबायचं. राष्ट्रवादीच्या कार्यकर्त्यापुढेही हाच पेच होता, उलट्या बाजूने. शहापुरात त्या वर्षी पक्ष आणि माणूस या दोन्हींशी जुनी निष्ठा ठेवून मत देणं कोणालाच शक्य नव्हतं. कोणती तरी एक रेघ ओलांडल्याशिवाय मतदान केंद्रातून बाहेर पडता येत नव्हतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मांडावा असा हा प्रसंग एका आदिवासी राखीव मतदारसंघात प्रत्यक्ष घडला.

दरोडा पंधरा हजारांहून जास्त मतांनी जिंकले.

या निकालाचे दोन अर्थ लागतात आणि दोन्ही तितकेच खरे वाटतात. २०१४ ला घड्याळ जिंकलं, २०१९ लाही घड्याळच जिंकलं. म्हणजे शहापूरकर पक्षाशी एकनिष्ठ राहिले. किंवा असं की २०१४ ला ज्याला पाडलं त्यालाच २०१९ ला निवडलं, म्हणजे ते ना माणसाशी बांधलेले, ना विचाराशी. मतपेटी आकडा सांगते, कारण सांगत नाही. त्यामुळे निकालानंतर जो तो आपल्या सोयीचं कारण तिच्या तोंडी घालतो.

शेजारच्या मुरबाडमध्ये चित्र वेगळं दिसतं. किसन कथोरे २००९ मध्ये तिथून राष्ट्रवादीचे आमदार झाले. २०१४ मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि कमळावर जिंकले. २०१९ मध्ये त्यांचं मताधिक्य सव्वा लाखाच्या पुढे गेलं आणि २०२४ मध्येही त्यांनी पन्नास हजारांहून अधिक मतांनी जागा राखली. या मतदारसंघात बदलापूरसारखं वाढतं शहरही येतं, त्यामुळे हे सगळं श्रेय किंवा दोष मुरबाडच्या खेड्यांच्या माथी मारता येणार नाही. तरी सरळगाव, टोकावडे, धसई या पट्ट्यातल्या हजारो माणसांनी एकाच उमेदवाराला आधी घड्याळावर आणि मग कमळावर मत दिलं असणार, हे उघड आहे. २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध उभे असलेले सुभाष पवार हे माजी आमदार गोटीराम पवार यांचे चिरंजीव. तेही राष्ट्रवादी, शिवसेना आणि पुन्हा शरद पवारांची राष्ट्रवादी असा प्रवास करून आलेले होते.

शहरात बसून हे आकडे वाचणारा बहुधा एका वाक्यात निकाल देतो: खेड्यातल्या माणसाला विचारसरणी नसते, त्याला काम आणि पैसा कळतो. या समजुतीला अभ्यासाचाही आधार सापडतो. फिलिप कॉन्व्हर्स या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. बहुसंख्य सामान्य नागरिकांच्या राजकीय मतांमध्ये फारशी आंतरिक संगती नसते, पुढाऱ्यांच्या डोक्यात असते तशी विचारांची साखळी त्यांच्या डोक्यात नसते, असा त्याचा आशय होता. तो अमेरिकेतल्या शिकलेल्या मतदारांनाही लागू होता, हे मात्र त्याचा दाखला देणारे विसरतात.

भारतापुरतं याचं उत्तर प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ मधल्या आपल्या पुस्तकात दिलं आहे. भारतीय मतदाराला विचारसरणी आहे, पण ती युरोपातल्या डाव्या-उजव्या पट्टीवर मोजता येत नाही, असं ते सांगतात. त्यांच्या मते इथे दोन प्रश्नांवर माणसं विभागली जातात. राज्यसंस्थेने समाजाच्या रीतीभातींत आणि मालमत्तेच्या वाटपात किती हात घालावा, हा पहिला. मागे ठेवलेल्या समाजघटकांना शासनाने विशेष स्थान द्यावं की नाही, हा दुसरा. ही मोजपट्टी शहापूर-मुरबाडला लावली की तिथला मतदार एकाएकी फार ठाम दिसू लागतो.

पाण्याचंच घ्या. तानसा धरण १८९२ चं. भातसा त्याच शहापूर तालुक्यातलं, आणि मुंबईला मिळणाऱ्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो आणि बाया विहिरीच्या तळाशी साठलेलं पाणी वाटीने भरतात. जलवाहिनी गावाजवळून जाते, नळ मात्र गावात येत नाही. मुरबाडमध्ये बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा तोंडली, मोहघर ही गावं बुडिताखाली गेली, आणि पाणी गेलं ते कारखान्यांना आणि शहरांना. काळू धरणाचं काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटनेने ते न्यायालयात नेलं आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. या प्रश्नांवर इथला माणूस डळमळीत नाही. ‘आमचं पाणी आधी आम्हाला’ हे त्याचं म्हणणं कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा जुनं आहे आणि आजही तसंच टिकून आहे. वनपट्टा, पेसा कायदा, आदिवासी आरक्षण या बाबतीतही तेच. पण त्याची ही ठाम मतं एका जागी गोळा करून त्यांच्या बळावर निवडणुकीत मत मागेल, असा पक्ष त्याच्यापुढे उभा राहत नाही. मग तो प्रत्येक निवडणुकीत हाती असलेल्या उमेदवारांमधून त्यातल्या त्यात जवळचा निवडतो. अशी निवड करणाऱ्याला विचारशून्य म्हणणं हा अन्याय आहे.

दुसरं एक कारण कायद्यात आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला चिन्ह येतं, गावात येत नाही. म्हणजे खेड्यातला मतदार अठराव्या वर्षी मतदानाचा पहिला धडा गिरवतो तो पक्षाविना. तिथे पॅनल असतं, भावकी असते, सोयरीक असते, आळी-पाड्यांचा हिशोब असतो. पाण्याची टाकी कोणी आणली, स्मशानशेड कोणी अडवून ठेवली, रात्री अडलेल्या बाळंतिणीला गाडी कोणी दिली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ही परीक्षा कठोर असते, कारण उमेदवार रोज डोळ्यांसमोर असतो. असा तयार झालेला मतदार विधानसभेलाही तोच प्रश्न घेऊन जातो: हा दहाव्याला येतो का, फोन उचलतो का, तहसीलदाराच्या खुर्चीपुढे आपल्यासाठी उभा राहतो का? ‘माणूस कामाचा आहे’ हा शेरा तिथे सहज मिळत नाही.

विनोबा भावे आणि जयप्रकाश नारायण यांना गावपातळीवर पक्षमुक्त लोकशाही हवी होती. पक्ष गावाला दुभंगतात, असं त्यांचं म्हणणं होतं. गावं दुभंगायची थांबली नाहीत. पक्षाऐवजी भावकीवरून, टोळीवरून दुभंगत राहिली. पण निवड करताना चिन्हाकडे न पाहता माणसाकडे पाहायचं, ही सवय मात्र या व्यवस्थेने लावली. त्या सवयीचं मोल आहे आणि तिच्यात धोकाही आहे.

धोका बाबासाहेब आंबेडकरांनी आधीच सांगून ठेवला होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी भक्तीबद्दल इशारा दिला. धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा मुद्दा होता. त्या इशाऱ्याचा रोख पुढाऱ्यावरच्या भक्तीवर होता. ‘माणूस पाहून मत’ देणाऱ्याने तो लक्षात ठेवलाच पाहिजे, कारण कामाचा माणूस आणि देव्हाऱ्यातला माणूस यांच्यातलं अंतर एका निवडणुकीत पुसलं जाऊ शकतं. पण तोच इशारा पक्षालाही लागू होतो. चिन्ह बदललं नाही म्हणून आपण तत्त्वाला धरून आहोत, असं मानणारा मतदारही भक्तच आहे. त्याची मूर्ती तेवढी वेगळी.

इथे धर्माचा विषय येतो, कारण या तालुक्यांमध्ये निष्ठा हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो कीर्तनात. कुणबी आणि आगरी गावांत वारकरी परंपरा खोल रुजलेली आहे. घरटी एक माळकरी असावा अशी गावं आहेत, आणि हरिनाम सप्ताहाची पंगत हा गावाचा वर्षातला मोठा सोहळा असतो. एकनिष्ठ असणं हे त्या परंपरेतलं सर्वांत मोठं भूषण. एकच दैवत, एकच वारी, एकच नाम. या संस्कारात वाढलेल्या माणसाला पक्ष बदलणं खुपत असणार, असं वाटू शकतं. व्यवहारात उलटंच दिसतं. सप्ताहात विणा एकाच्या गळ्यात असतो आणि टाळ दुसऱ्याच्या हाती. ते दोघं ग्रामपंचायतीला एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले असतात. दिंडीत कोणाला पक्ष विचारला जात नाही. आपली अढळ निष्ठा या माणसांनी आधीच एका ठिकाणी वाहिलेली आहे. त्यामुळे राजकीय पक्षावर तेवढी निष्ठा ठेवणं त्यांना गरजेचं वाटत नाही, कदाचित योग्यही वाटत नाही. पक्षाला मत द्यायचं, जीव द्यायचा नाही. ही वृत्ती आंबेडकरांच्या इशाऱ्याच्या विरोधात जात नाही. वेगळ्या वाटेने येऊन ती त्याच ठिकाणी पोचते.

आणि हे काही आजचं नाही. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि जनसंघ असे एकमेकांना एरवी पाण्यात पाहणारे पक्ष एकत्र आले. ठाण्यातून त्या वर्षी लोकसभेवर गेले कॉम्रेड शामराव परुळेकर, वारली आदिवासींच्या लढ्यातले नेते. वीस वर्षांनी, १९७७ मध्ये, ठाणे लोकसभा मतदारसंघाने रामभाऊ म्हाळगींना निवडलं, म्हणजे जनसंघाच्या मुशीत घडलेल्या नेत्याला. १९८० मध्ये काँग्रेसच्या लाटेतही ते निवडून आले. विचारांच्या नकाशावर या दोघांमध्ये केवढं अंतर! पण जंगलपट्टीत पायी हिंडणारे परुळेकर आणि आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवणारे म्हाळगी या दोघांत एक गोष्ट समान होती. दोघंही लोकांना बांधील होते आणि ते बांधील आहेत हे लोकांना दिसत होतं.

२०२४ ने हा प्रश्न आणखी टोकदार केला. भिवंडी लोकसभा मतदारसंघात शहापूर आणि मुरबाड दोन्ही येतात. २० मे रोजी मतदान झालं आणि केंद्रात पंचायती राज खात्याचे राज्यमंत्री असलेले भाजपचे कपिल पाटील हरले. शरद पवारांच्या पक्षाचे सुरेश म्हात्रे, म्हणजे लोकांचे बाळ्यामामा, ६६ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. जिजाऊ संस्थेचे निलेश सांबरे अपक्ष लढले आणि त्यांना सव्वादोन लाखांहून अधिक मतं पडली. सांबरेंच्या पाठीशी कोणताही मोठा पक्ष नव्हता. त्यांच्या संस्थेचा दवाखाना आणि स्पर्धा परीक्षांचे मोफत वर्ग होते. सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, याच मतदारांनी मुरबाडमध्ये भाजपला आणि शहापुरात अजित पवारांच्या घड्याळाला विजयी केलं.

मधल्या काळात लाडकी बहीण योजना आली होती, महिना पंधराशे रुपयांची. मत विकलं गेलं, असा निष्कर्ष लगेच निघाला. तो घाईचा आहे. मतदानाच्या आदल्या रात्री दाराशी येणारं पाकीट आणि सरकारच्या निर्णयाने बँक खात्यात उघडपणे जमा होणारी रक्कम यांत नैतिक फरक आहे. पाकीट चोरून दिलं जातं आणि एका बटणाच्या बदल्यात दिलं जातं. योजनेचा निर्णय जाहीर असतो, त्यावर टीका करता येते, आणि कोणाला मत दिलं हे न विचारता पैसे मिळतात. निवडणूक तोंडावर आल्यावर योजना आणण्यात सत्ताधाऱ्यांचा हेतू काय होता, हे सगळ्यांना कळतं, आणि तो हेतू निर्मळ नव्हता. पण ज्या कातकरी बाईचं कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर उचल घेऊन जातं, तिने आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावावर आलेल्या पैशाला राजकीय अर्थ दिला, तर तिचा विचार हलका कसा ठरतो? प्राप्तिकराची सवलत पाहून मत ठरवणाऱ्या नोकरदाराला कोणी विकला गेलेला म्हणत नाही.

इथवर रेघ ओलांडणाऱ्याची बाजू घेतली. आता जिथे ती घेता येत नाही, त्या जागेबद्दल.

रेघ ओलांडणं सगळ्यांना सारखंच स्वस्त नसतं. ज्याच्या नावाला, जातीला, प्रार्थनेला कोणत्याही पक्षाच्या विचारसरणीचा धक्का लागत नाही, त्याला ‘आम्ही पक्ष पाहत नाही, माणूस पाहतो’ असं म्हणणं सोपं जातं. भिवंडीच्या यंत्रमागावरचा मुसलमान कामगार किंवा मुरबाडच्या बौद्धवाडीतली शिक्षिका यांना ती सवड नसते. उमेदवार स्वभावाने कितीही भला असो, त्याने आणलेला रस्ता कितीही चांगला असो, विधानसभेत किंवा लोकसभेत तो हात वर करणार ते पक्षाच्या आदेशाने. २०२४ च्या मे महिन्यात ‘संविधान बदलणार’ ही भीती दलित वस्त्यांतून फिरली. ती खरी होती की प्रचार होता, यावर वाद आहेत. पण ज्यांचं माणूसपणच त्या ग्रंथाने कायद्यात लिहून ठेवलं, त्यांनी ती गांभीर्याने घेतली यात नवल नाही. त्यांच्यासाठी विचारसरणी ही घराच्या छपरासारखी गोष्ट आहे.

म्हणून रेघ ओलांडणाऱ्या मतदाराला एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो गावातल्याच माणसांनी विचारायला हवा: मी ज्याला कामाचा माणूस म्हणून मत देतो, त्याच्या पक्षाच्या निर्णयाची किंमत माझ्या शेजारच्या वाडीत कोण मोजणार आहे? हा प्रश्न विचारून, उत्तर ऐकून मग रेघ ओलांडली, तर ती विवेकाची कृती ठरते. न विचारता ओलांडली, तर शेजाऱ्याच्या पैशाने केलेलं औदार्य ठरतं. सप्ताहाच्या पंगतीत बौद्धवाडी बसते का, हा प्रश्न ज्या गावात अजून सुटलेला नाही, तिथे तो मतदानाच्या वेळी आपोआप सुटेल अशी आशा धरता येत नाही.

मतदाराच्या निष्ठेचा हिशोब मागताना निवडून आलेल्यांचाही मागायला हवा. शहापूरकरांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये दरोडांना भाजप-शिवसेना युतीच्या विरोधात निवडलं. २३ नोव्हेंबरला पहाटे अजित पवारांनी देवेंद्र फडणवीसांबरोबर शपथ घेतली. दरोडा कुठे आहेत ते कळेना, आणि शहापूर पोलीस ठाण्यात ते बेपत्ता असल्याची तक्रार दाखल झाली. काही दिवसांत ते दिल्लीकडून परत आले आणि शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या सरकारच्या बाकांवर बसले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली आणि दरोडा अजित पवारांबरोबर भाजपचा सहभाग असलेल्या सरकारात गेले. ज्या शहापूरकराने २०१९ मध्ये युतीला विरोध म्हणून घड्याळ दाबलं, त्याचं मत त्याला न विचारता चार वर्षांत पलीकडे पोचलं. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आमदाराने पक्षाचा आदेश मोडला तर त्याला शिक्षा करतो. पक्षच मतदाराला सोडून गेला, तर त्या कायद्यात उत्तर नाही. निवडलेल्या प्रतिनिधीला मुदतीआधी परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला असावा, ही मागणी जयप्रकाशांच्या आंदोलनात होती. पुढे ती मागे पडली.

याच जिल्ह्याच्या जुन्या हद्दीत, आता पालघरमध्ये गेलेल्या तलासरी-डहाणू पट्ट्यात, लाल बावटा मात्र टिकून राहिला. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी १९४५ मध्ये वारल्यांना उभं केलं, तिथे २०१९ आणि २०२४ मध्येही विनोद निकोले हे मार्क्सवादी आमदार निवडून आले. तिथला आदिवासी शहापूरच्या आदिवासीपेक्षा जास्त तत्त्वनिष्ठ जन्मतो, असं कोणी म्हणणार नाही. तिथे पक्ष निवडणुकीनंतरही पाड्यावर असतो: वनपट्ट्याच्या मोजणीला, रेशनच्या भांडणाला, मोर्चाला. त्याच लाल बावट्याखाली मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यातून मुंबईला गेला. २०२३ मध्ये दुसऱ्यांदा निघालेला मोर्चा वाशिंदला थांबला आणि सरकारशी बोलणी होईपर्यंत तिथून हलला नाही. एखाद्या गावात वर्षानुवर्षं टिकून राहणारा पक्ष कसा दिसतो, हे शहापूरकरांनी तो आपल्या रस्त्यावरून जाताना पाहिलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये शहापुरात पुन्हा दरोडा आणि बरोराच समोरासमोर होते. या वेळी दोघंही राष्ट्रवादीचेच, एकाकडे घड्याळ आणि दुसऱ्याकडे तुतारी. दहा वर्षांपूर्वी बरोरांना ज्यांनी घड्याळावर निवडलं, त्यांना आता बरोरा हवे असतील तर घड्याळ सोडावं लागणार होतं आणि घड्याळ हवं असेल तर बरोरांना. दरोडा जिंकले, पण दोन हजारांहूनही कमी मतांनी.